दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या : सुरक्षित वापराचा आढावा

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, एटोरिकॉक्सिब ही नावे वेगवेगळी असली, तरी या औषधांचे कूळ एकच आहे : दाहशामक वेदनाशामकांचे. ही औषधे दुखणे कमी करतात, सूज उतरवतात, ताप खाली आणतात आणि तरीही ती स्टेरॉइड नसतात. गुडघेदुखी, कंबरदुखी, दाढदुखी, मुरगळलेला पाय, पाळीतली पोटदुखी, शस्त्रक्रियेनंतरचा ठणका अशा नाना कारणांनी ती लिहून दिली जातात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी केली. त्यात सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे आढळले. दुखणे एवढे सार्वत्रिक असेल, तर त्यावरची गोळी घराघरात असणार हे ओघानेच आले. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड या पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात शेतात राबलेले म्हातारे गुडघे आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत, दिवसभर संगणकासमोर बसणारे आहेत आणि रविवारी गड चढणारेही आहेत. त्यांची दुखणी निराळी असली, तरी गोळी बहुधा याच कुळातली असते.

गोळी शरीरात काय करते

इजा झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करते. त्यांच्यामुळे ती जागा लाल होते, सुजते आणि दुखते. ही रसायने बनवणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराला या कुळातली औषधे अडवतात. ॲस्पिरिन नेमके असेच काम करते हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखण्यासाठी नसतात. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणे, किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवणे, रक्त गोठण्याचा तोल सांभाळणे ही कामेही त्यांच्याकडेच असतात. गोळी गुडघ्यासाठी घेतली, तरी ती रक्तातून सगळीकडे पोहोचते आणि गुडघ्यातली सूज उतरवताना जठराचे संरक्षणही कमी करते. पोट, किडनी आणि हृदय या तीन ठिकाणचे दुष्परिणाम म्हणजे औषधातला दोष किंवा भेसळ नव्हे. औषधाच्या मूळ कामाचीच ती दुसरी बाजू आहे.

पॅरासिटामोल या कुळात मोडत नाही. ते ताप आणि दुखणे कमी करते, पण सुजेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पोट आणि किडनी यांच्या दृष्टीने ते योग्य मात्रेत बरेच सौम्य आहे. त्याचा धोका जास्त मात्रेत यकृताला असतो.

चिठ्ठी कशासाठी

यांतली बहुतेक औषधे १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘एच’मध्ये आहेत. त्यांच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये असा इशाराही असतो. प्रत्यक्षात रिकामी पट्टी मेडिकलच्या काउंटरवर ठेवून “हीच द्या” एवढे म्हटले की काम होते. जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे चालवली जाते, आईची गोळी मुलगा घेतो, शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल असे धरले जाते.

चिठ्ठी ही एका माणसाला, एका दुखण्यासाठी आणि ठरावीक दिवसांसाठी दिलेली असते. ती लिहिताना डॉक्टरांनी वय, रक्तदाब, मधुमेह, किडनीचा अहवाल, पूर्वीचा अल्सर आणि चालू औषधे पाहिलेली असतात. तीच गोळी दुसऱ्याने घेतली की हा सगळा विचार गळून पडतो. त्याच माणसाने ती तीन वर्षांनी घेतली, तरीही तेच होते, कारण मधल्या काळात त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झालेली असू शकते.

बाजारात आलेले औषध कायमचे निर्धोक ठरते असेही नाही. रोफेकॉक्सिब हे पोटाला सौम्य म्हणून गाजलेले औषध हृदयविकाराचा धोका वाढवते असे दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले आणि त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ मध्ये मनाई झाली. पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढली. या औषधाने क्वचित ताप, अंगभर पुरळ आणि अंतर्गत अवयवांना सूज अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, याकडे लक्ष ठेवण्यास त्यात सांगितले होते.

जेवणाआधी की जेवणानंतर

सर्वसाधारणपणे जेवणानंतर किंवा काहीतरी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. त्यामुळे पोटातली जळजळ आणि मळमळ कमी होते. मात्र अल्सरचा धोका तेवढ्याने टळत नाही, कारण मुख्य इजा गोळीच्या स्पर्शाने होत नाही. ती रक्तातून पोहोचलेल्या औषधाने होते. इंजेक्शन घेतले म्हणून पोट वाचले, हा समजही याच कारणाने चुकीचा आहे. आतड्यात विरघळणारे आवरण असलेली किंवा दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी तोडू नये, कुटू नये, चघळू नये. तशी केल्यास सगळी मात्रा एकदम उतरते.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यांसारखी ‘पित्ताची गोळी’ सोबत दिली जाते, ती कोणासाठी हे समजून घ्यावे. ६५ वर्षांवरील व्यक्ती, पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झालेले रुग्ण, ॲस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांना तिचा खरा फायदा होतो. ही गोळी सकाळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. ती पोटाचे रक्षण करते. किडनी आणि हृदय यांना तिचा काहीही आधार नाही.

पोट दुखल्याशिवाय अल्सर होत नाही, ही समजूतही बाजूला ठेवावी. विशेषतः म्हाताऱ्या माणसांत आधी काहीच त्रास नसताना थेट रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी दिसली, तर गोळी तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे.

मात्रा किती, दिवस किती

प्रौढांमध्ये डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा १५० मिलिग्रॅम आहे. असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. एटोरिकॉक्सिब दुखण्यानुसार दिवसाला ३० ते ९० मिलिग्रॅम दिले जाते. १२० मिलिग्रॅमची मात्रा गाऊटच्या तीव्र ठणक्यापुरती असून तीही आठ दिवसांच्या पुढे नेत नाहीत. केटोरोलॅक पाच दिवसांहून अधिक वापरू नये असा दंडक आहे. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. वय जास्त, वजन कमी किंवा किडनी नाजूक असेल तर मात्रा त्याहून कमी लागते.

कमाल मर्यादा ओलांडल्याने दुखणे जास्त थांबते असे नाही. ठरावीक मात्रेपुढे वेदनाशमन वाढत नाही, दुष्परिणाम मात्र वाढत राहतात. दुखणे साधारण अर्ध्या-एक तासात कमी होऊ लागते. संधिवातातली सूज पूर्ण उतरायला नियमित घेऊनही एक ते तीन आठवडे लागू शकतात. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी, पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकत्र घेऊन भरपाई करू नये. मुरगळा, लचक अशा साध्या दुखण्यात तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही, तर गोळी वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासून घेणे योग्य. डोकेदुखीसाठी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस गोळ्या घेणाऱ्यांना त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

भारतात बऱ्याच चुका होतात त्या मिश्र गोळ्यांमुळे. एक नेहमीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरे वाचली, तर असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामोल ३२५ मिलिग्रॅम, सेराटिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम असे तीन घटक दिसतात. यांतील तिसऱ्या घटकाच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. ही गोळी कंबरेसाठी सुरू असताना तापासाठी पॅरासिटामोलची वेगळी गोळी आणि दाढेसाठी दंतवैद्यांनी दिलेली आयब्युप्रोफेन-पॅरासिटामोलची गोळी घेतली, तर त्या माणसाच्या पोटात एकाच दिवशी दोन दाहशामके आणि तीन वाटांनी आलेले पॅरासिटामोल जाते. पट्ट्यांवरची नावे तीन निरनिराळी असतात, त्यामुळे काही दुहेरी होते आहे हे लक्षात येत नाही. ठळक छापलेल्या नावापेक्षा खालचे घटक वाचणे म्हणूनच महत्त्वाचे. एका वेळी या कुळातली एकच गोळी, हा नियम सरसकट पाळावा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. असेक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामोल १२५ मिलिग्रॅम ही गोळी त्या यादीत होती.

किडनी, पाणी आणि बीपीची गोळी

शरीरात पाणी कमी पडले की किडनीचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर टिकून राहतो. त्याच वेळी ती रसायने अडवली, तर धडधाकट माणसाचेही रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम मंदावल्याची खूण, वाढू शकते. रक्तदाबाच्या दोन प्रकारच्या गोळ्या या धोक्यात भर घालतात : पहिल्या, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांसारख्या; दुसऱ्या, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड यांसारख्या लघवी वाढवणाऱ्या. हे दोन्ही आणि वर दाहशामक अशी त्रयी जमली की किडनीला तिन्ही बाजूंनी वेढा पडतो. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड भारतात एकाच गोळीत मिळत असल्याने त्रयीतले दोघे आधीच जमलेले आहेत, हे रुग्णाला ठाऊकही नसते.

साठी ओलांडलेला, अशी मिश्र गोळी घेणारा गृहस्थ रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. घाम भरपूर निघतो, पाणी बेताचेच पोटात जाते, उतरताना गुडघे बोलू लागतात. घरी आल्यावर घेतलेल्या एका गोळीने बहुधा काही बिघडत नाही. तीच गोळी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ चालू राहिली आणि मध्येच जुलाब लागले, तर लघवी कमी होणे, पायांवर सूज, थकवा, मळमळ अशी लक्षणे दिसू लागतात. वारीत चालणाऱ्या वयस्क वारकऱ्यांची स्थितीही याहून वेगळी नसते. दिवेघाट चढून आल्यावर फिरत्या दवाखान्यात गुडघ्यासाठी गोळी मागताना बीपी, शुगर आणि किडनी यांविषयी सांगणे, दिवसभर पाणी पीत राहणे आणि गोळीपेक्षा आधी मालिश, शेक, विश्रांती यांना संधी देणे हे तिथेही लागू पडते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचा उद्रेक झाला. संशयित आणि निश्चित मिळून रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. दूषित पाण्यातून येणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूशी त्याचा संबंध जोडला गेला. या आजारात अनेकदा आधी जुलाब-उलट्या होतात आणि काही दिवसांनी पायांत मुंग्या, अशक्तपणा, पाठ व पाय दुखणे सुरू होते. वेदनाशामकांच्या संदर्भात या उद्रेकातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे जुलाब चालू असताना दाहशामक गोळी टाळावी. मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस आधी, आणि अंगदुखी-तापाला गरजेपुरते पॅरासिटामोल. दुसरी म्हणजे नसांच्या दुखण्यावर ही औषधे फारशी चालत नाहीत. मुंग्यांसह पायांतली ताकद कमी होत असेल, तर गोळीने ते दुखणे दाबत बसणे म्हणजे उपचाराचा मोलाचा वेळ घालवणे होय.

हृदय आणि ॲस्पिरिन

२०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, जास्त मात्रेत वर्षभर डायक्लोफेनॅक किंवा कॉक्सिब (एटोरिकॉक्सिबसारखे औषध) घेणाऱ्या दर हजार जणांमागे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या सुमारे तीन घटना जादा होतात आणि त्यांतली एक जीवघेणी ठरते. जास्त मात्रेतल्या नॅप्रोक्सेनमध्ये हा धोका दिसला नाही, मात्र पोटाचा धोका तिथेही राहतोच. त्याच वर्षी युरोपीय औषध संस्थेने हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हृदय अकार्यक्षमता किंवा पक्षाघात झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे ठरवले. ही औषधे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाबही वाढतो. आवाक्यात असलेले बीपी एकाएकी वर का गेले, याचे उत्तर कधी कधी गुडघ्याच्या गोळीत सापडते.

ॲन्जिओप्लास्टी किंवा झटका येऊन गेलेले अनेक जण ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज घेतात. आयब्युप्रोफेन आधी पोटात गेले तर ॲस्पिरिनला रक्तकणिकांवर काम करायला जागाच उरत नाही आणि हृदयाचे संरक्षण कमी होते. दोन्ही एकत्र घेतल्याने रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. अशा रुग्णांनी दाहशामक स्वतःहून घेऊ नये आणि ते सुरू झाले म्हणून ॲस्पिरिन बंदही करू नये. दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालावा.

पावसाळी ताप आणि सांधेदुखी

महाराष्ट्राला चिकुनगुन्या नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती, २००६ च्या सुमारास तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात त्याचे रुग्ण लक्षणीय वाढले. या तापात सांधे इतके आखडतात की जोरकस गोळी घेण्याचा मोह होतो. पण त्याच पावसाळ्यात, त्याच डासांमुळे डेंगीही होतो आणि पहिल्या काही दिवसांत दोन्ही आजार सारखेच दिसतात. डेंगीत प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून तिथे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वर्ज्य आहेत. रक्ततपासणीत डेंगी नाही हे ठरेपर्यंत केवळ पॅरासिटामोल आणि भरपूर पातळ पदार्थ घ्यावेत. चिकुनगुन्याचे निदान पक्के झाल्यावर रेंगाळणाऱ्या सांधेदुखीसाठी डॉक्टर दाहशामक देऊ शकतात.

कोणी टाळावे, कोणी जपून घ्यावे

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर ही औषधे टाळावीत. बाळाच्या किडनीवर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयालगतची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांना या कुळातली इतर औषधेही चालत नाहीत. सक्रिय अल्सर, गंभीर किडनीविकार, हृदय अकार्यक्षमता, यकृताचा सिरोसिस यांत ती टाळलेलीच बरी. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, स्टेरॉइड, नैराश्यावरची काही औषधे, लिथियम आणि मेथोट्रेक्सेट यांच्याबरोबर घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी विचारावे. दारूमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. दात काढणे किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चालू गोळ्या आधीच सांगाव्यात. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या ठरावीक अंतराने करून घ्याव्यात.

मलम, इंजेक्शन आणि ‘देशी’ चूर्ण

गुडघा किंवा बोटांच्या सांध्यांसाठी डायक्लोफेनॅकचे जेल हा चांगला पर्याय आहे. त्यातून रक्तात फार थोडे औषध जाते, त्यामुळे वयस्कांना ते आधी वापरून पाहता येते. जखमेवर लावू नये, लावल्यावर हात धुवावेत, वर घट्ट पट्टी बांधू नये. गोळी आणि जेल दोन्ही चालू असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे. इंजेक्शनचा उपयोग मूतखड्यासारख्या असह्य कळेत किंवा उलट्यांमुळे गोळी टिकत नसताना होतो. नेहमीच्या कंबरदुखीत ‘सुई’ घेतल्याने गोळीपेक्षा जास्त काही साधत नाही. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या काही चूर्णांत स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळल्याचे उघड झाले आहे. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या निनावी पुडीबद्दल संशयच घ्यावा.

उरलेल्या गोळ्या गुराढोरांना देऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे किडनी निकामी होऊन मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली आणि २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपीही तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली.

निष्कर्ष

ही औषधे वाईट नाहीत. योग्य माणसाला, थोड्या दिवसांसाठी दिली तर ती उत्तम काम करतात. बरेच अपाय जुनी चिठ्ठी, दुहेरी गोळी, कोरडे पडलेले शरीर आणि न सांगितलेली बीपीची गोळी यांतून होतात, आणि हे चारही टाळता येण्याजोगे आहेत. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, एका वेळी एकच दाहशामक एवढे सूत्र पाळावे. काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणे, एका बाजूची ताकद जाणे, श्वास लागणे, ओठ-चेहरा सुजणे, लघवी अगदी कमी होणे, अंगभर पुरळ यांपैकी काहीही दिसल्यास गोळी बंद करून लगेच दवाखान्यात जावे. गंभीर स्थितीत १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो. डॉक्टरांकडे जाताना मात्र घरातल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात.